एकही गोळी न घेतलेले बाळ
सदर : गोष्ट आपल्या शरीराची



आज एक कोडे घालतो. कोडे सोपे नाही बरं का! भल्याभल्यांना ते पटकन सुटत नाही. म्हणून शेजारी आई किंवा बाबा बसले असतील, तर त्यांनाही मोठ्याने वाचून दाखवा.

एक बाळ आहे. वय अवघे चार दिवस. अजून त्याचे बारसेसुद्धा व्हायचे आहे. या चार दिवसांत आईच्या दुधाखेरीज त्याच्या पोटात काहीही गेलेले नाही. औषधाचा थेंब नाही की गोळीचा कण नाही. पाचव्या दिवशी सकाळी मात्र बाळ दूध ओढेनासे होते. मलूल पडून राहते. अंग कधी गरम लागते, तर कधी गार. घरची माणसे घाबरून त्याला रुग्णालयात नेतात. डॉक्टर त्याचे रक्त तपासायला पाठवतात. पाठीच्या मणक्यांमधून सुईने थोडेसे पाणी काढून तेही तपासतात आणि सांगतात, की बाळाच्या मेंदूच्या आवरणाला जिवाणूंचा संसर्ग झाला आहे. लगेच इंजेक्शने सुरू होतात. पण जिवाणू मरत नाहीत. औषध बदलले जाते. तरी फरक नाही. मग प्रयोगशाळेचा कागद येतो. त्यावर लिहिलेले असते, की हे जिवाणू नेहमीच्या औषधांपैकी एकालाही दाद देत नाहीत!

आता कोडे ऐका. औषधे नको तेव्हा आणि नको तशी घेतली, की जिवाणू त्यांना निर्ढावतात, हे तुम्ही ऐकलेले असेल. मग ज्या बाळाने जन्मात एक गोळी घेतली नाही, त्याच्या अंगातले जिवाणू औषधाला निर्ढावले कसे?

हे बाळ मी कोड्यापुरते घेतले आहे. पण अशी खरीखुरी बाळे आपल्या देशातल्या रुग्णालयांत येत असतात. त्यातली काही हसत घरी जातात, काही जात नाहीत. म्हणून हे कोडे आपण नीट सोडवायला हवे.

मेंदूभोवतीचा कोट

आधी हा आजार काय आहे ते पाहू. आपला मेंदू म्हणजे शरीराची राजधानी. बाहेरून कवटीचा भक्कम कोट. त्याच्या आत एकाखाली एक अशी तीन पातळ आवरणे. आवरणांच्या मध्ये नितळ पाणी खेळत असते. मोठ्या माणसात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर, म्हणजे साधारण कपभर चहाइतके असते. हेच पाणी पाठीच्या कण्यातही उतरते. म्हणून तर मेंदूची खबर काढायला डॉक्टर पाठीतून पाणी काढतात!

पण मेंदूला आणखी एक संरक्षण आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पॉल एर्लिश नावाचे एक जर्मन शास्त्रज्ञ होते. १८८५ च्या सुमारास त्यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग टोचून पाहिला. शरीरातले जवळजवळ सगळे अवयव रंगले. मेंदू मात्र कोरा तो कोराच! पुढे १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य एडविन गोल्डमन यांनी उलटा प्रयोग केला. त्यांनी रंग थेट मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. तेव्हा मेंदू रंगला आणि बाकीचे शरीर कोरे राहिले. याचा अर्थ काय? रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक गाळणी आहे. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून असतात, की रक्तातली ऐरीगैरी वस्तू मेंदूत शिरू शकत नाही. ही गाळणी लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

इतका बंदोबस्त असूनही कधी कधी जिवाणू आत घुसतात. नवजात बाळात, म्हणजे जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बाळात, ते बहुधा रक्तातून येतात. आधी रक्तात संसर्ग होतो आणि तिथून जिवाणू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचतात. आवरणाला सूज येते, नितळ पाणी गढूळ होते. यालाच मेंदूच्या आवरणाचा दाह म्हणतात. बोलीभाषेत आपण मेंदूज्वर म्हणतो.

तुम्ही म्हणाल, 'मग तो मोठ्या माणसांना नाही का होत?' होतो. पण नवजात बाळ फार नाजूक असते. त्याच्या शरीराचे सैन्य अजून कवायत शिकत असते. रोगांशी लढणारी प्रतिपिंडे त्याला आईकडून मिळतात. ती आईच्या रक्तातून बाळाकडे जातात मुख्यतः गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. त्यामुळे जे बाळ दिवस भरण्याआधीच जन्माला येते, त्याची शिदोरी अर्धीच भरलेली असते. अशाच बाळांना काचेच्या पेटीत ठेवावे लागते, सलाईन लावावे लागते, नळीने दूध द्यावे लागते. ज्या सुया आणि नळ्या जीव वाचवतात, त्यांच्यावाटेच कधी कधी जिवाणूही आत येतात.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची रीत आहे. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, असे आजी सांगते ना? सटवाईचे राहू द्या. पण जन्मानंतरचे पहिले काही दिवस सगळ्यांत जोखमीचे असतात, हे जुन्या माणसांनी अनुभवाने ओळखलेले होते. आजचे वैद्यकशास्त्रही तेच सांगते.

शत्रू कोण?

आता जिवाणूंची ओळख करून घेऊ. आपल्याकडच्या रुग्णालयांत नवजात बाळांना छळणारे तीन जिवाणू मुख्य आहेत.

पहिला ई. कोलाय. हा आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहतो आणि एरवी गुण्यागोविंदाने राहतो. पण त्याचे काही वाण भलत्या जागी, म्हणजे रक्तात किंवा मेंदूच्या पाण्यात शिरले, की घात करतात.

दुसरा क्लेबसिएला. एडविन क्लेब्स नावाच्या शास्त्रज्ञांवरून त्याला हे नाव मिळाले. याच्या अंगावर चिकट, बुळबुळीत वेष्टण असते. त्यामुळे शरीरातल्या सैनिक पेशींना तो सहज पकडता येत नाही.

तिसरा ॲसिनेटोबॅक्टर. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी, पण अर्थ सोपा आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'न हलणारा'. हा भारी चिवट. पाणी नाही, अन्न नाही, अशा कोरड्या ठिकाणीही तो कित्येक दिवस, कधी कधी काही आठवडेसुद्धा तग धरतो. पलंगाची कड, दाराची मूठ, काचेच्या पेटीचे झाकण, कुठेही! आणि तिथून बाळापर्यंत पोहोचायला त्याला वाहन लागते. हे वाहन कोणते, ओळखा पाहू? माणसाचे हात!

पिंपरीचे पेनिसिलिन, गडचिरोलीचे आरोग्यदूत

जिवाणूंवर आपल्याकडे औषध नव्हते असे नाही. १९२८ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका काचेच्या बशीत बुरशी उगवलेली दिसली आणि तिच्या आसपासचे जिवाणू नाहीसे झालेले दिसले. त्या बुरशीतल्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन नाव दिले. ऑक्सफर्डच्या फ्लोरी आणि चेन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह त्याचे माणसाला देता येईल असे औषध बनवले. १९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन या तिघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. अशा जिवाणूनाशक औषधांना प्रतिजैविके म्हणतात. दुकानदार त्यांना अँटिबायोटिक म्हणतो ना, तीच ही.

भारतानेही मागे राहायचे नाही असे ठरवले. पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये तिथे पेनिसिलिन बनू लागले.

आणि या औषधांनी काय करून दाखवले, ते पाहायचे तर गडचिरोलीला चला. १९९० च्या दशकातली गोष्ट. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने तिथल्या ३९ गावांत एक प्रयोग केला. रुग्णालय दूर, रस्ते कच्चे, गाठीला पैसा नाही. मग गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत बनवले. त्या घरोघरी जाऊन नवजात बाळ तपासत, वजन करत, श्वास मोजत. बाळाला रक्तातला संसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर असल्याची लक्षणे दिसली आणि आई-वडिलांना रुग्णालयात जाणे शक्य नसले, तर त्या घरीच दोन साधी, स्वस्त प्रतिजैविके देत. एक पातळ औषध आणि एक इंजेक्शन.

परिणाम काय झाला? उपचार सुरू होण्यापूर्वी, असा संसर्ग झालेल्या दर १०० बाळांपैकी सुमारे १७ बाळे दगावत होती. आरोग्यदूतांचे उपचार सुरू झाल्यावर हा आकडा ३ च्याही खाली आला! १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात हे संशोधन छापून आले आणि जगाने गडचिरोलीची दखल घेतली.

आहे की नाही कमाल? पण नीट विचार करा. हे का जमले? आरोग्यदूतांचे कष्ट होतेच. पण त्यांच्या पिशवीतल्या स्वस्त औषधांना जिवाणू दाद देत होते, हेही तितकेच खरे. औषध टोचले आणि जिवाणू मेलाच नाही, तर शूर सैनिकाच्या हातात बोथट तलवार दिल्यासारखेच की!

परीक्षेतल्या चिठ्ठ्या

तलवार बोथट होते कशी?

ई. कोलायला सगळे मनासारखे मिळाले, तर एकाचे दोन व्हायला त्याला फक्त २० मिनिटे लागतात. एका तासात एकाचे आठ. वही घ्या आणि दहा तासांचा हिशेब करा. दहा तासांत तो ३० वेळा दुप्पट होतो. उत्तर येते १,०७,३७,४१,८२४. म्हणजे १०७ कोटींहून जास्त! सकाळी एक, आणि संध्याकाळी दिवेलागणीला भारताच्या लोकसंख्येशी स्पर्धा.

इतक्या झपाट्याने नकला काढताना मध्येच एखादी चूक होते, जशी तुमच्याकडून वही उतरवून काढताना होते. बहुतेक चुका कामाच्या नसतात. पण एखादी चूक अशी निघते, की त्या जिवाणूवर औषध चालत नाही. एरवी त्या एकट्याला कोण विचारतो? पण आपण औषध घेतले, की बाकीचे सगळे मरतात आणि हा एकटा उरतो. मैदान मोकळे! मग त्याचीच प्रजा वाढते. म्हणजे औषधाची सवय माणसाला होत नाही. औषध फक्त चाळणी लावते आणि जे वरचढ असतील त्यांना मागे ठेवते.

जिवाणूंच्या युक्त्या तरी किती! कोणी औषधाला आत येण्याची दारेच बंद करतो. कोणी आत आलेले औषध पंपाने बाहेर फेकतो. कोणी तर औषध तोडणारी कात्री बनवतो. अशी पहिली कात्री १९४० मध्येच सापडली होती. ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांना दिसले, की ई. कोलायपासून निघणारा एक पदार्थ पेनिसिलिनचे तुकडे करतो. गंमत पाहा, पेनिसिलिन तेव्हा बाजारातही आले नव्हते आणि त्याची कात्री तयार होती!

आणि आता सगळ्यांत मोठी लबाडी ऐका. परीक्षेत कॉपी करणारी मुले काय करतात? उत्तर लिहिलेली चिठ्ठी हळूच शेजाऱ्याकडे सरकवतात. जिवाणूही तसेच करतात! 'कात्री अशी बनवा' हे लिहिलेली एक छोटी वर्तुळाकार चिठ्ठी त्यांच्याकडे असते. शास्त्रज्ञ तिला प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटतो आणि चिठ्ठीची नक्कल त्याला देतो. दुसरा त्याच जातीचा असावा लागतो असेही नाही. ई. कोलायची चिठ्ठी क्लेबसिएलाला चालते. म्हणजे सातवीच्या मुलाने आठवीच्या वर्गात चिठ्ठी पोचवली म्हणा ना. आणि एकेका चिठ्ठीवर चार-चार औषधांची उत्तरे लिहिलेली असतात.

कोड्याचे उत्तर

आता कोडे सुटत आले. बाळाच्या अंगातल्या जिवाणूंना औषधाची सवय बाळामुळे झालीच नव्हती. ते बाहेरूनच शिकून आले होते!

कुठून? कुणाच्या तरी साध्या सर्दीला नको असताना दिलेल्या गोळ्यांतून. दोन दिवस घेऊन अर्धवट सोडलेल्या औषधांतून. कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून त्यांच्या खाद्यात मिसळलेल्या औषधांतून. जिथे रोज भरपूर प्रतिजैविके वापरावी लागतात, अशा रुग्णालयांतल्या कोपऱ्यांतून. माणसाच्या पोटातून सांडपाण्यात, सांडपाण्यातून नदीत, नदीतून पुन्हा कुणाच्या तरी हातावर. असे फिरत फिरत शेवटी ते चार दिवसांच्या बाळापाशी येऊन पोचले.

फ्लेमिंग यांनी हे फार आधी सांगून ठेवले होते. नोबेल पारितोषिक घेताना केलेल्या भाषणात त्यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो आणि अपुरे घेतो. जिवाणू मरत नाहीत, उलट शिकून शहाणे होतात. मग तेच जिवाणू त्याच्या बायकोला लागतात. तिला न्यूमोनिया होतो. तिला पेनिसिलिन दिले जाते, पण आता ते चालत नाही आणि ती बिचारी दगावते. औषध चुकीचे घेतले एकाने, किंमत मोजली दुसरीने! १९४५ साली सांगितलेल्या त्या गोष्टीतल्या बायकोच्या जागी आज आपले नवजात बाळ आहे.

हा नुसता तर्क नाही. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या १३,५३० बाळांचा अभ्यास झाला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. या बाळांपैकी दर १०० मागे सुमारे १४ बाळांना रक्तातल्या संसर्गाने गाठले होते. सापडलेल्या जिवाणूंत आपले तिघे ओळखीचे पुढे होते. ॲसिनेटोबॅक्टर सर्वांत जास्त, मग क्लेबसिएला, मग ई. कोलाय. आणि अनेक प्रकारच्या औषधांना दाद न देणारे किती? ॲसिनेटोबॅक्टरपैकी शेकडा ८२, क्लेबसिएलापैकी शेकडा ५४, ई. कोलायपैकी शेकडा ३८! बहुतेक बाळांचा संसर्ग जन्मानंतर पहिल्या तीन दिवसांतच सुरू झालेला होता. तीन दिवसांचे बाळ कुठली गोळी घेणार हो?

आता ती मघाची गाळणी आठवा. असा जिवाणू रक्तात असतो, तेव्हा डॉक्टरांकडे निवडायला थोडी तरी औषधे उरलेली असतात. पण तो मेंदूच्या आवरणात शिरला, की अडचण दुप्पट होते. कारण गाळणी जशी शत्रूला अडवते, तशी मित्रालाही अडवते. कोलिस्टिनसारखी अगदी शेवटची म्हणून राखून ठेवलेली औषधे रक्तातून मेंदूच्या पाण्यात फार थोडी उतरतात. म्हणजे जिवाणूला मारणारे औषध हवे, ते गाळणी ओलांडणारे हवे आणि इवल्याशा बाळाच्या मूत्रपिंडांना झेपणारेही हवे. तिन्ही अटी पाळणारी औषधे बोटांवर मोजण्याइतकी. साधा, औषधाला दाद देणारा जिवाणू असला, तरी या तिघांसारख्या जिवाणूंच्या मेंदूज्वरात निदान तीन आठवडे इंजेक्शने द्यावी लागतात. आणि त्यातून वाचलेल्या काही मुलांना पुढे कमी ऐकू येते, आकडी येते, किंवा चालायला-बोलायला उशीर होतो. म्हणून इथे एकेक तास मोलाचा असतो. चालत नसलेल्या औषधात दोन दिवस गेले, तर ते दोन दिवस मेंदूचे गेले.

तुम्ही काय करू शकता?

'आम्ही मुले यात काय करणार?' असे म्हणू नका. तुमच्या हातात पुष्कळ आहे. अगदी शब्दशः हातात!

१८४७ मध्ये व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे तरुण डॉक्टर होते. डॉक्टर आणि विद्यार्थी जिथे बाळंतपणे करत, त्या विभागात सुइणींच्या विभागापेक्षा खूप जास्त बाळंतिणी तापाने मरत. त्यांच्या लक्षात आले, की डॉक्टर मंडळी शवविच्छेदन करून तशाच हातांनी बाळंतिणीकडे येतात. त्यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. जिवाणूंमुळे रोग होतात हे तेव्हा कुणालाच नीट ठाऊक नव्हते. नुसत्या हात धुण्याने एवढे झाले! आणि महत्त्वाचे म्हणजे, औषधाला न जुमानणारा जिवाणूही साबणाने धुऊन जातोच. साबणापुढे त्याची चिठ्ठी चालत नाही.

तेव्हा हे नियम पाठ करा.

एक. घरात किंवा शेजारी नवे बाळ आले, की बघायला धावाल ना? जरूर जा, पण आधी कोपरापर्यंत साबणाने हात धुवा. सर्दी-खोकला असेल, तर बरे होईपर्यंत दुरूनच टाटा करा. बाळाचे मुके घेऊ नका. काचेच्या पेटीत बाळ असेल, तर तिथली परिचारिका सांगेल ते मुकाट्याने ऐका.

दोन. सर्दी, साधा फ्लू हे आजार विषाणूंचे. प्रतिजैविके जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाही. म्हणून सर्दी झाली की 'डॉक्टर, लवकर बरे व्हायची स्ट्राँग गोळी द्या' असा हट्ट धरू नका. आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही बरं का!

तीन. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या, शेजारच्या काकूंना लागू पडलेल्या गोळ्या, दुकानदाराने चिठ्ठीशिवाय दिलेल्या गोळ्या, या तिन्हींना नमस्कार! डॉक्टरांनी सांगितले असेल, तेवढेच दिवस आणि तेवढ्याच वेळा औषध घ्यायचे. कमी नाही, जास्तही नाही.

चार. आईचे पहिले चिकाचे दूध बाळाला मिळालेच पाहिजे. पिवळसर, दाट असते म्हणून कुठे कुठे ते काढून टाकतात. असे कधीही करू नये. त्यात रोगाशी लढणारी प्रतिपिंडे असतात. मध, गुटी, पाणी असले काही सुरुवातीला देऊ नये. नाळेवर राख, हळद, शेण लावू नये. ती कोरडी आणि स्वच्छ ठेवावी.

पाच. हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा. वर इतके सांगितले म्हणून प्रतिजैविकांनाच घाबरू नका. ज्या बाळाला खरोखर संसर्ग झाला आहे, त्याला ते तातडीने मिळालेच पाहिजे. मोठ्या माणसाला मेंदूज्वर झाला की डोके दुखते, मान ताठते. बाळाला सांगता येत नाही आणि त्याची मान बहुधा ताठतही नाही. म्हणून ही लक्षणे घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवीत : बाळ दूध ओढत नाही, मलूल पडते, उठवले तरी उठत नाही, अंग तापते किंवा गार पडते, चिरक्या आवाजात सारखे रडते किंवा नुसते कण्हते, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त होतो, छाती आत ओढली जाते, आकडी येते, शांत असतानाही टाळू फुगलेली दिसते. यातले एक जरी दिसले, तरी उद्यापर्यंत थांबायचे नाही. उतारा नाही, अंगारा नाही, घरची गोळी नाही. थेट डॉक्टर!

सरकारनेही काही पावले टाकली आहेत. २०१९ मध्ये कोंबड्या आणि इतर जनावरांसाठी कोलिस्टिन वापरण्यावर आपल्या देशात बंदी आली. शेवटचे राखीव औषध कोंबडीच्या खाद्यात कशाला, नाही का? आणि २०१६ पासून 'लाल रेषा' मोहीम सुरू झाली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत अशा प्रतिजैविकांच्या गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ असते, ती ओळखा, असे ही मोहीम सांगते.

गावात एकच विहीर असेल, तर तिच्यात एकाने घाण टाकली की पाणी सगळ्यांचे बिघडते. ज्याने अजून एक घोटही घेतला नाही, त्याचेसुद्धा. औषधांचा गुण हीसुद्धा अशीच सगळ्या गावाची विहीर आहे. तुम्ही सर्दीसाठी न घेतलेली एक गोळी कुठल्या बाळाच्या उपयोगी पडली, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. पण ती वाया जात नाही.

करून पाहा

तळहातावर चार थेंब खोबरेल तेल घ्या. त्यावर चिमूटभर दालचिनीची पूड टाका आणि दोन्ही हातांना सगळीकडे चोळा. हे आपले जिवाणू! आता नुसत्या पाण्याने हात धुऊन बघा. पूड हटत नाही. मग डोळे मिटून, रोज धुता तसे साबणाने धुवा आणि डोळे उघडून पाहा. पूड कुठे राहिली? बहुतेकांच्या अंगठ्याभोवती, नखांच्या कडांना आणि बोटांच्या बेचक्यात! तिथेच आपण विसरतो. आता मनात २० आकडे सावकाश मोजत पुन्हा धुवा.

आणि घरी एक शोधमोहीम काढा. आईला किंवा बाबांना सोबत घेऊन घरातला औषधांचा डबा उघडा. लाल रेघेच्या, अर्धवट राहिलेल्या किती पट्ट्या निघतात ते मोजा. कुठलीही गोळी मोरीत किंवा नाल्यात टाकू नका, नाहीतर जिवाणूंची नवी शाळा तिथेच भरेल! त्या पट्ट्यांचे काय करायचे, ते पुढच्या वेळी डॉक्टरांनाच विचारा. तुमच्या डब्यात किती निघाल्या, ते मला पत्राने जरूर कळवा.